पवनची कडी

पारोळा, माघ शुद्ध ३, शके १९०८
धाकट्या बंधूचे, नानाचे, गळपट्टीचे हाड मोडून आज आठवडा झाला. शर्यतींतून निवृत्त झालेला हा घोडा, पवन, त्याने हौसेने सारंगखेड्याच्या बाजारातून आणला होता. शेताच्या वाटेवर उधळला. नानाने लगाम जितका खेचला, तितका तो अधिक धावला, आणि नाना खाली पडला. आता नानाचा निर्णय: "होळीनंतर चाळीसगावचा वरातवाला नेईल. आबा, तुम्ही मध्ये पडू नका."
त्या वरातवाल्याच्या लगामाची कडी, घोड्याच्या तोंडात बसणारी, काटेरी असते. पवनच्या जिभेवर तसाच एक जुना व्रण आहे.
मध्ये पडलो. होळीपर्यंतची मुदत मागितली.

माघ शु. ५
उखाभाऊंना बोलावले. उभा जन्म टांगा हाकलेला माणूस. पवनचे तोंड उघडून पाहिले आणि मलाच दटावले: "आबा, हाऊ येडा नही शे. तुम्ही बठ्ठा याना लगाम बैलना कासरा समजीसन वढतस. शर्यतना घोडाले वढं का त्याले वाटस, पय सांगं."
बैल ओढल्याने थांबतो. हा ओढल्याने पळतो. इंद्रिये हे अश्व आणि मन हा लगाम, असे आयुष्यभर प्रवचनांत सांगत आलो. खरा लगाम आज प्रथमच हाती घेतला. लाज वाटली.

माघ वद्य २
पोथी बांधण्याच्या दोऱ्याने तोंडाचे माप घेतले. लोहाराकडून कडी करविली: जाड, गुळगुळीत, बिनसांध्याची. सकाळी स्वतःच्या ओठांना लावून पाहिली, तो गारठा दातांत शिरला. म्हणून आधी दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली.
पवनने आपण होऊन तोंड उघडले.

माघ व. ९
लगाम सैल धरून शेजारून चालतो, स्तोत्रपठण चालूच. आज शेवटी सवयीने "शांतिः शांतिः शांतिः" म्हणून थबकलो. तोही थबकला. योगायोग मानून पुन्हा केले. पुन्हा थांबला!
उखाभाऊ हसत खालीच बसले. "आते हो-हो चालाव नही. याले संस्कृत लागस!"

फाल्गुन शु. ४
उखाभाऊ पाठीवर. दुडकी चाल, मग त्यांचे "सांती, सांती". थांबला. देवाप्रमाणे त्यालाही अशुद्ध उच्चाराचे वावडे नाही.
परतताना मागून फटफटी आली नि उधळला. उखाभाऊंचाही हात क्षणभर आवळलाच. मग त्यांनी सोडला. विहिरीपाशी थांबला. तोंड तपासले. जखम नाही.
नानाला कळलेच असेल.

फाल्गुन शु. १३
परवा होळी. नाना आला, हात गळ्यात बांधलेला. लगाम त्याच्या धडक्या हाती दिला आणि पवनचा थांबण्याचा शब्द सांगितला.
"मी कुठं देवाधर्माचा, आबा?"
"घोडा तरी कुठे आहे?"
दोघे चालू लागले. पवनने वेग घेताच नानाची मूठ आवळली. "हो! हो!" घोडा मान ताणून पुढे. मी गप्प राहिलो. बोललो असतो तर तो माझ्यासाठी थांबला असता.
मग मूठ सैल झाली. नानाचे ओठ हलले. काय म्हणाला, ऐकू आले नाही. पवन थांबला. नानाच्या बांधलेल्या हाताला त्याने नाक लावले. नाना मागे सरला नाही.
विचारले, "चाळीसगावला काय कळवायचे?"
"उद्या सकाळी पुन्हा बघू."
पवनच्या तोंडातून काढलेली कडी मात्र मला परत दिली नाही. धोतराच्या सोग्याने पुसली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. तिथे ऊब राहते.