मंगळवारचा आल्याचा वास

मॉरिसव्हिल, अमेरिका
१४ ऑक्टोबर

आईस नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या मनगटांना एक वेगळा.

मी ठीक आहे. नोकरी बरी चालली आहे, पोळ्याही आता गोल होतात. इथल्या हवेला मात्र कसलाच वास नाही.

इंग्लंडातल्या आपल्या गल्लीत तू कामाला जायचीस त्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास भरून असायचा. मंगळवारी तो आल्याचा असे. मी शाळेतून परतताना शेजारच्या मार्गरेट आजी दारातून ओरडायच्या, "तुझी आई आज आल्याच्या बिस्किटांवर आहे गं!" मग तू तुटक्या बिस्किटांची पिशवी घेऊन यायचीस. अख्खं बिस्कीट मी कॉलेजात गेल्यावरच पाहिलं. आपल्या घरातली पहिली पदवीधर त्या तुकड्यांवर वाढली, हे मी इथे सगळ्यांना सांगते.

गेल्या मंगळवारी मी फोनवर विचारलं, "आज कुठली?" तू म्हणालीस, "आल्याचीच की." काल धाकटा निमिष बोलून गेला, की कारखाना बंद होऊन दोन महिने झाले. त्याला रागावू नकोस.

मला काळजी वाटू नये म्हणून तू फोनवर बिस्किटं भाजत राहिलीस. मग मीही खरं सांगते. पोळ्या गोल होत नाहीत, आणि जेवताना मला फार एकटं वाटतं.

दिवसभर काय करतेस गं? मार्गरेट आजींकडे तरी जातेस ना?

येत्या मंगळवारी मी इथे आल्याची बिस्किटं करणार आहे. प्रमाण तुलाच ठाऊक, म्हणून फोन कर. आणि या वेळी "आज कुठली?" असं तू विचार.

तुझीच,
आसावरी