तोफेचं बुजवलेलं तोंड

३ सप्टें.
"तोफ कधी उडनी नही, पन माले तिनी वाचाडं." मी दहावीत असताना अक्का, बाबांची बहीण, वाल सोलता सोलता म्हणाली होती. चौदाव्या वर्षी तिला बघायला पिंपळनेरचा बिजवर आला, तेव्हा ती वेशीजवळच्या तोफेत शिरून बसली. संध्याकाळपर्यंत. पाहुणे परत गेले. पुढे शिकली, धुळ्यात मास्तरीण झाली.
आज गावाहून आबाकाकांचा, बाबा-अक्कांच्या भावाचा, फोन. वेशीवर पाटी लावायची आहे, तोफेचा इतिहास लिहून दे. मी लगेच हो म्हणाले. मूर्खपणा.

१० सप्टें.
जळगावच्या ग्रंथालयात धूळ खाल्ली. तोफ नुसती मानाची. दसऱ्याला बैल जुंपून मिरवायची, हार घालायचा, जागेवर आणायची. इतकं धूड लढाईला नेणार कोण? लिहून पाठवलं.

११ सप्टें.
आबा : "लढाई नही? मंग लोक पाटी कसाले वाचतीन?" पाटीचा खर्च देणारे शेठजी मागून, "ताई, एक तरी टाका. पाटी दहा फुटी सांगून बसलोय."
डोकं उठलं. लढाई काय भाजीवरची कोथिंबीर आहे?

१९ सप्टें.
गावी. तोफेला चंदेरी रंग, तोंडात सिमेंट. कुत्री वितात म्हणून आबांनीच बुजवलंय. विचारलं, अक्काची गोष्ट लिहू का? आबांनी तोफेवर हात फिरवला. मग, "त्या दिन तोफवर पाय हालवत मीच बसेल व्हतू. बठ्ठा गाव इचारे, बहीण कोठे शे? मी म्हने, माले काय माहीत." हसले. लगेच चेहरा बदलला. "लिखू नको. मन्ही पोर पिंपळनेरना त्याच घरमा दियेल शे."
हेही खरंच. त्यांच्यावर धड चिडताही येत नाही, म्हणून जास्तच...

२४ सप्टें.
अक्काचा फोन. गुडघे गेलेत तरी दसऱ्याला गावी येणार. "एकदाव तोफमा हात घालीसन देखनं शे." सिमेंटचं सांगायला तोंड उघडलं, आणि हवापाण्यावर बोलत बसले.

२५ सप्टें.
शेठजींनी तोफेचा यंदाचा रंगही आणून ठेवलाय. आबा नाहीच म्हणणार. तरी मेसेज केला :
"आबा, लढाई लिहून देते. शत्रू, धूर, सगळं. अक्काचं नाव नको, माझंही नको. फक्त दसऱ्याच्या आत तोंडातलं सिमेंट फोडा."