धक्का बसला की उघडणारं दार

माय, तू होतीस तेव्हा किल्लारीत गाडी म्हणजे एसटी आणि वडापची जीप, जिचं मागचं दार सुतळीने बांधलेलं असायचं. आता माझी स्वतःची गाडी आहे आणि ती उघडायला चावी लावावी लागत नाही. चावी पर्समध्येच पडून असते. दाराच्या मुठीवरचं बटण दाबलं की गाडी अगदी हळू आवाजात विचारते, चावी आहे का जवळ? तो आवाज माणसाला ऐकू येत नाही, हातभर अंतरावरच्या चावीला तेवढा येतो. मग चावी उत्तर देते, दर वेळी वेगळं, म्हणजे कोणी चोरून ऐकलं तरी त्याला पुढच्या वेळी उपयोग नाही. उत्तर बरोबर आलं की दाराच्या पोटातली छोटी मोटर खटका ओढते. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “काढायचीच न्हाई तर चावी दिली कशाला?” मी मागे राहिले असताना ते आधीच जाऊन मूठ ओढत बसतात. दार उघडत नाही. “तुला वळखती, मला न्हाई वळखत. सुनंसारखी हाय तुझी गाडी.”

अण्णांच्या किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला लातूरला न्यावं लागतं. मी लातूरलाच राहते, पण ते लेकीकडे राहायला येत नाहीत, कारण आमच्या फ्लॅटचं दार ओढलं की आपोआप लागतं. पुनर्वसनाच्या घरात त्यांनी उंबऱ्याशी धोंडा ठेवलेला आहे. तू गेल्यावर मिळालेल्या त्या घराचं दार कधी लागलेलं मी पाहिलं नाही. भूकंपाच्या त्या रात्री गणपती बोळवून ते उशिरा आले, तू तापाने आत झोपली होतीस. कुत्री शिरतील आणि तुला उठावं लागेल म्हणून त्यांनी बाहेरून कडी ओढली आणि अंगणात बाजेवर आडवे झाले. मी तेव्हा नांदेडला कॉलेजच्या होस्टेलवर. पहाटे जमीन हलली. कडीपर्यंत त्यांचा हात पोचला होता का, हे मी कधी विचारलं नाही.

पहिल्याच खेपेला, गावाबाहेर गाडीने जरा वेग घेतला आणि चारही दारं खट् करून लागली. तेही आपोआप होतं, चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून. अण्णांनी मूठ धरली. “काय झालं? कोणी लावलं?” औशाच्या अलीकडे त्यांनी ती लागोपाठ दोनदा ओढलीच. पुढचं दार आतून दोनदा ओढलं की लॉकसकट उघडतं. वारा आत घुसला, मी गाडी कडेला घेतली. ते खाली उतरून वाळलेल्या बाभळीला धरून उभे राहिले. “म्या एसटीनं जातो.” एसटीने जाण्यासारखी त्यांची तब्येत राहिलेली नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मेनूत जाऊन आपोआप लागणं मला बंद करता आलं असतं. पण मग दार एकाच ओढीत उघडलं असतं, आणि हा माणूस धावत्या गाडीत कधी मूठ ओढेल, याचा भरवसा नव्हता.

“आन् गाडी उलटली तर?” त्यांनी विचारलं. मी पुस्तिकेत वाचलेलं सांगितलं. गाडीत धक्का ओळखणारं यंत्र असतं. जोराचा धक्का बसला, एअरबॅगचे फुगे फुगले, की सगळी लॉकं आपसूक उघडतात, बाहेरच्या माणसाला दार उघडता यावं म्हणून. त्यांनी बाभळ सोडली. “धक्क्यानं लागत न्हाई? उघडतंय?” “हाव, अण्णा.” “मंग बरं हाय,” म्हणाले आणि येऊन बसले. थोडं पुढे गेल्यावर समोर बघतच बोलले, “तसली कडी पायजे होती.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. लॉक उघडणं म्हणजे दार उघडणं नव्हे. चौकट पिरगळली की खटका मोकळा असूनही दार जागचं हलत नाही, गाडीचंही आणि घराचंही. शेजारच्या घराचं दार उघडंच होतं, तरी वरचं मातीचं माळवद बसलं ते माणसांवरच. तुमच्या कडीने काही झालं नाही, अण्णा. एवढं म्हटलं असतं तर इतक्या वर्षांचं ओझं कदाचित थोडं हललं असतं, पण ते पुन्हा या गाडीत बसले नसते. मी गिअर टाकला.

आता ते शांत बसतात. खट् झालं की मान हलवतात. पाऊस नाही, लातूरला नळ येत नाहीत, डायलिसिसलाही टँकरची वाट बघावी लागते. परवा सिस्टर म्हणाल्या, “काका, आज पाणी कमी हाय, लवकर सोडते.” अण्णा हसले, “रगत धुवायला बी टँकर लागतोय.” तुला आठवतं? लातूर जिल्हा झाला तेव्हा तू शेजारणीला सांगत होतीस, आता दवाखान्याला उस्मानाबादला जायला नको, समदं जवळ आलं. जवळ आलंय खरं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार खेपा होणार नाहीत. म्हणजे ज्या खेपांसाठी मी गप्प बसले, त्याही संपत आल्या. आता तरी सांगावं, असं दर खेपेला ठरवते आणि दर खेपेला त्यांना उंबऱ्याच्या धोंड्याशी सोडून परत येते.

हे अण्णांना वाचून दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत ते पोचायचं नाही, म्हणून लिहिते. गप्प राहायला गाडीचं निमित्त आहे, माय. कडी नसती तर तू उठून बाहेर आली असतीस, असं मलाही वाटतं.