गोष्टीला हुंकार हवा

पार्सिपनी, ३ मार्च २०२५

चि. ऋतास आजीचे अनेक आशीर्वाद.

लिहिणारी तुझी आई सुलेखा, तोंड माझं. पत्र अशासाठी, की फोनवर तू भलतंच टाइप करत "हो आजी" म्हणतेस. परवा मुद्दाम म्हटलं, मी बाथरूममध्ये पडले. तरी तुझं "हो आजी, छान".

तीन वर्षं तू मिशिगनला बसून आफ्रिकेतली ग्बाया भाषा पुस्तकांतून शिकतेस. एखाद्या म्हातारीची गोष्ट रेकॉर्ड केल्याशिवाय प्रबंध पास नाही, आणि म्हातारी सापडत नाही म्हणून रडतेस. अगं, आमच्या खालच्या मजल्यावरच्या ओदेटबाई मूळच्या तिकडच्या बुआर गावच्या. ग्बायाच बोलतात, असं त्यांच्या मुलाने सुलेखाला सांगितलं. लाँड्रीत ड्रायर थांबेपर्यंत त्या मला गोष्टी सांगतात. शब्द एक कळत नाही, पण कुठे हसायचं ते कळतं. ये, म्हातारी मी देते.

लोभ आहेच, फोनवर जरा आटलाय.
आजी

मिशिगन, ७ एप्रिल २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

मार्चमध्ये येऊन तुझ्या शेजारी बसून रेकॉर्ड केलेली ओदेटबाईंची गोष्ट प्रोफेसरांना आवडली. पण कुणी वृद्ध स्त्री सारखी "हं" म्हणते, तो आवाज काढून टाका म्हणाले. ती तूच. आणि तो निघत नाही. रागावू नकोस, पण १९ तारखेच्या शनिवारी मी परत येईन, तेव्हा तू वरच थांबशील? खोलीत पूर्ण शांतता हवी. मेअखेर गोष्ट दिली नाही, तर ग्रँट कॅन्सल.

तुझी कृपा राहो, फक्त माइकपासून लांब.
ऋता

पार्सिपनी, २१ एप्रिल २०२५

चि. ऋतास आशीर्वाद.

शनिवारी मी वर बसले, आणि पाच मिनिटांत ओदेटबाई टॉवेलांची बास्केट उचलून निघून गेल्या. मुलाकरवी कळवलं, की पोरगी गुणी आहे, पण ऐकत नाही. एक वाक्य सांगून त्या थांबल्या, तू गप्प. दुसरं सांगितलं, तू तोंडावर बोट ठेवलंस. भिंतीला गोष्ट सांगायची त्यांना सवय नाही. मलाही नाही. हे तुझ्या पुस्तकांत नव्हतं वाटतं.

माझा आवाज नको, तर तुझा दे. "हं" म्हणायला डिग्री लागत नाही. आधी प्रॅक्टिस कर. रविवारी मी फोनवर माझ्या लग्नाची गोष्ट सांगीन, आणि मध्येच एक थाप मारून थांबीन. तिथेही "हो आजी, छान" म्हणालीस, तर ओदेटबाई मेअखेरपर्यंत बिझी आहेत.

हुंकार असू द्यावा, लोभ आपोआप वाढेल.
आजी