एकशे त्र्याऐंशीव्या दिवसाचा रहिवासी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, जुन्या छपाईयंत्रांचा दुरुस्तीवाला आणि त्यांच्या सुट्या भागांचा व्यापारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आले होते. चिरंजीवांनी एक जुलैचे विमानाचे तिकीट पाठवले आणि सलग चार दिवस फोन केले. मी त्या विमानात बसलो नाही. का, ते पुढे येईल.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार आणि तेराचा पाढा विचारला. दोन्ही सांगून झाल्यावर यंदा मी या देशात किती दिवस राहिलो, तेही आपणहून सांगितले. तेव्हा त्यांनी घाईघाईने सही केली. माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः माझ्या करसल्लागारांनी लिहून दिलेले, ज्यात मी कुठेच राहत नाही असे म्हटले आहे.

कलम एक, कंपनी. वीस वर्षांपूर्वी सल्लागारांनी मला पटवले, की माल इथून विकण्यापेक्षा एका बेटावर कंपनी काढावी आणि तिच्या नावाने विकावा, कारण त्या बेटावर कर नाही. ते बेट मी एकदाच पाहिले. माझी कंपनी एका लाकडी कपाटात, तिसऱ्या ओळीतल्या खणात होती. त्याच कपाटात आणखी चारशे कंपन्या होत्या. कपाट सांभाळणाऱ्या बाईंनी मला पाणी दिले आणि म्हणाल्या, की इथे मालक सहसा येत नाहीत. कंपनी आता बंद आहे. तिचा रबरी शिक्का कोणालाही देऊ नये.

कलम दोन, परदेशातली खोली. कर टाळायचा तर अटी दोन होत्या. कंपनीचे निर्णय या देशात घ्यायचे नाहीत, आणि मी स्वतः इथे वर्षातून एकशे ब्याऐंशी दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही. एकशे त्र्याऐंशीवा दिवस उजाडला, की मी इथला रहिवासी आणि सगळी कमाई कराला पात्र. म्हणून मी निम्मे वर्ष दुसऱ्या देशात, एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत काढू लागलो. खालच्या वाफेने माझे बूट कधी पूर्ण वाळले नाहीत. तिथली खुर्ची, ताटली आणि इस्त्रीचे टेबल लॉन्ड्रीवाल्याला द्यावे. टेबल तसेही त्याचेच आहे.

कलम तीन, अकरा फायली. कंपनीची सचिव म्हणून मी पत्नीला नेमले, कारण ती पगार मागणार नव्हती. ती शाळेच्या कचेरीत सव्वीस वर्षे कारकून होती, हे मी विचारात घेतले नाही. सल्लागार बैठकांची इतिवृत्ते तयार करून पाठवायचे: ‘बैठक बेटावर सकाळी अकरा वाजता झाली.’ सौभाग्यवती ती ओळ लाल शाईने खोडायची आणि वर स्वच्छ अक्षरात लिहायची: ‘स्थळ, आमचे स्वयंपाकघर. वेळ, भाजी निवडून होईपर्यंत. अध्यक्षांचा चष्मा न सापडल्याने बैठक दहा मिनिटे उशिरा सुरू.’ अकरा वर्षे. दर वर्षाची फाईल, फाईलला अनुक्रमणिका. सल्लागारांनी एकही उघडून पाहिली नाही. मीही नाही.

मग कर खात्याच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी कागद मागितले, आणि पत्नीने अकराच्या अकरा फायली कौतुकाने त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. बाई दोन दिवस स्वयंपाकघरातच वाचत बसल्या. शेवटी त्यांनी पेन मिटले.

“वहिनी, कंपनी बेटावर नाहीच. ती इथं राहते.”

“मग?” पत्नी म्हणाली. “मी तेच तर लिहिलंय.”

कर भरला, दंड भरला, कंपनी बंद केली; पण परदेशातल्या शिलकीवर कर लागू नये म्हणून माझे निम्मे वर्ष बाहेर राहणे चालूच राहिले. मी चार महिने पत्नीशी धड बोललो नाही. चूक माझी होती, हे आज इथे नोंदवतो. अधिकारी बाईंना काही द्यावेसे फार वाटते, कारण आमचे काम अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच. पण त्यांना भेट घेता येत नाही, म्हणून नुसते आभार.

कलम चार, सल्लागार. यांना माझी चाक मोडलेली सूटकेस द्यावी. ती ओढताना मी वीस वर्षे ज्यांची आठवण काढली, ते हेच.

कलम पाच माझ्याविरुद्ध आहे. नऊ वर्षांपूर्वी पत्नीचे ऑपरेशन झाले. टाके निघायला तीन दिवस होते आणि माझा एकशे ब्याऐंशीवा दिवस भरला होता. मी गेलो. तिने अडवले नाही, गोळ्यांची यादी शेजारणीकडे दे एवढेच म्हणाली. मला याची लाज वाटते. असे कलम कायद्यात बसत नाही, असे वकील म्हणाले. तरी राहू द्यावे.

कलम सहा, अवजारे आणि शिल्लक. पान्यांची पेटी मेव्हण्याला. त्याने माझ्याकडून नेलेला बारा नंबरचा पाना आधी त्यात आणून ठेवावा. परदेशातली शिल्लक पत्नी आणि चिरंजीव यांना निम्मी-निम्मी. मी इथे राहिल्याने तिच्यावर आता कर लागेल आणि चिरंजीवांच्या वाट्याला कमी येईल. ते म्हणाले, “बाबा, डिसेंबरपर्यंतचा तर प्रश्न आहे, मग पुन्हा बघू.” ते वाईट नाहीत. हिशेबी आहेत, आणि ते मीच शिकवले. पण जानेवारीत डॉक्टरांनी माझे हृदय दमले असल्याचे सांगितले. पुन्हा बघायला मी असेन याची खात्री कोणी देत नाही, आणि मला त्या खोलीत मरायचे नाही.

कलम सात, घर. याबद्दल मला काहीही लिहिण्याचा अधिकार नाही. माझे इथे घर असल्याचे कोणी म्हणू नये, म्हणून ते सल्लागारांच्या सांगण्यावरून मी पत्नीच्या नावे केले होते. म्हणजे तिकीट फाडले तरी मी राहायचे कुठे, हा प्रश्न उरलाच. काल, एकशे त्र्याऐंशीव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर मी तिला रीतसर विचारले, की कायमचा राहू का. वीस वर्षांत मी तिला असे काही विचारले नव्हते. ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. मला वाटले, नाही म्हणणार.

“राहा,” ती म्हणाली. “पण पाहुणे म्हणून पुरे झालं. उद्यापासून दूध तुम्ही आणायचं.”

वरील मजकूर मी वाचला, समजला आणि मान्य केला.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. शेजारचे शिंपी. पत्नी लाभार्थी असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही, हे तिनेच वकिलांना सांगितले.

सही: (मृत्युपत्र करणारा, येथील रहिवासी)

स्थळ: पत्नीचे घर.

दिनांक: तीन जुलै, सकाळी सात वाजून दहा मिनिटे, दूध आणून झाल्यावर.