दहा वर्षांची व्हॅन

सोम., ४ ऑगस्ट
भाड्याची व्हॅन आज आलीच नाही. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात साठ जणांचं जेवण एकला पोचवायचं होतं. टॅक्सीने नेलं, वळणावर आमटी सांडली. टॅक्सीवाला अंकल चिडला नाही, नुसता म्हणाला, "ऐय्या, धिस स्मेल विल स्टे लाह." मेल्याहून मेल्यासारखं झालं. टिश्यूचं अख्खं पाकीट संपवलं. आता बास. स्वतःची व्हॅन घ्यायची.

बुध., ६
नवऱ्याला सांगितलं. शिरीष म्हणाला, "जुनी बघ. परवान्याची दोन-तीन वर्षं उरलेली." नव्या गाडीला इथे दहा वर्षांचा परवाना, सगळे पैसे आधीच भरायचे. म्हणजे दहा वर्षं इथेच, हे त्याला नको. "अजून दोनच वर्षं, मग पुणे" हे आम्ही चौदा वर्षं म्हणतोय. फ्रिज, सोफा, सगळं भारतात परत जाणाऱ्यांकडून घेतलेलं. पडदेसुद्धा त्यांच्या खिडक्यांच्या मापाचे, आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये वीतभर आखूड.

रवि., १०
सगळ्यात मोठं पातेलं घेऊन शोरूममध्ये गेलो. आमची लेक इरा दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. "आई, सो एम्बॅरसिंग लाह." सेल्समनने मात्र पातेलं स्वतः उचलून प्रत्येक गाडीत ठेवून दाखवलं. भला माणूस. मोठी व्हॅन छान, पण आपल्या आवाक्यातली नाही. छोट्या पांढरीत दोन पातेली आणि डब्यांचे सहा क्रेट. पुरे की. जुनी पाहिली तिचं दार ओढायला दोघं लागली, शिवाय तीन वर्षांनी पुन्हा हेच. शि. बाहेर उभा राहून फोन बघत होता. फार राग आला.

मंगळ., १२
भांडण. "तुला माझ्या कामावर भरवसाच नाही" वगैरे मीच बोलून गेले. तो जेवला मात्र नीट, वरून दोनदा भात घेतला.

गुरु., १४
सेल्समनचा फोन. "आंटी, युअर हजबंड केम अलोन. सिट इनसाइड द व्हॅन व्हेरी लाँग." शि. तर रॅफल्स प्लेसला मीटिंग आहे म्हणून गेला होता.

घरी आल्यावर विचारलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दहा वर्षांनी मी साठीचा होईन. तेव्हा परत गेलो तर पुण्यात मला ओळखणारं कोण असेल?"

आठवडाभर मी भलत्याच गोष्टीवरून भांडत होते. फार वाईट वाटलं. धीर द्यावा म्हणून तोंड उघडलं, तर मलाच चार नावंसुद्धा सुचेनात.

धंद्यात तो भागीदार, म्हणून नव्या व्हॅनच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या हव्यात. उद्या पाचपर्यंत द्यायचाय. माझी सही झालीये. आग्रह करायचा नाही असं ठरवलंय.

आत्ता चष्मा लावून त्याने फॉर्म हातात घेतलाय. दोनच पानं आहेत. अर्धा तास झाला, पहिलंच चाललंय.