सीपीयूवरची विभूती

अहो,

शिरोलीहून दमून याल. आमटी गॅसवर हाय, गरम करून घ्या. मी लग्नपत्रिकांची फ्लॉपी द्यायला छापखान्यात चाललेय, यायला उशीर होईल.

आज सकाळी कॉम्प्युटर परत अडला. त्यातलं घड्याळ मागं गेलेलं आणि स्क्रीनवर हार्ड डिस्कच सापडत न्हाय म्हणून आलं. मी सेटअपमध्ये जाऊन डिस्कचे आकडे भरले, तेव्हा चालला. ते आकडे आता पाठच झालेत मला.

तुम्ही म्हणता, जुना असेंबल्ड माल हाय, आतला घड्याळाचा सेल उतरला की सेटिंग उडणारच, विकून टाकू. पण सेल नवा हाय की! दसऱ्याच्या आधी मीच आणून बसवलाय. कुणी तो काढल्याशिवाय सेटिंग कसं उडंल?

खंडेनवमीला मी सीपीयूवर विभूतीचे पट्टे ओढले होते, झाकणाच्या फटीवरनं आडवे. त्यानंतर मी झाकण उघडलेलं न्हाय. आज बघते तर पट्टे बरोबर फटीवर तुटलेत. घरात आपण दोघंच, आणि छापखान्याचं काम घरी यायला लागल्यापासनंच हे सुरू झालंय.

मला भांडायचं न्हाय. एवढंच सांगा. पहिल्यांदा सेटिंग उडलं त्या सकाळी तुम्ही मोरीतनं ओरडून विचारलंत, "हार्ड डिस्क दिसंना व्हय?"

मी तवर बटणच दाबलं नव्हतं.

रक्षिता